साखर उतरली आणि वजन चढले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ज्या गोष्टीवरून तुझी एवढी चर्चा झाली, ती तूच एकदा सर्वांसमोर सांगून टाक. म्हणून उभी राहिले आहे. ती चर्चा माझ्या वजनाची होती, हे येथे बसलेल्या बहुतेकींना ठाऊकच आहे.

मला मधुमेह असल्याचे दोन वर्षांपूर्वी समजले. त्याच्या आधीचे सहा महिने मी वाळत चालले होते. साठ किलोची मी पन्नासावर आले. बांगड्या कोपरापर्यंत सरकत. रात्रीतून चार वेळा उठावे लागे, आणि तहान अशी की उशाशी तांब्या पुरेना. नवलाची गोष्ट ही की, त्या सहा महिन्यांत मला जितकी शाबासकी मिळाली तितकी जन्मात मिळाली नव्हती. “वैनी, काय करता हो? कशा सडपातळ झालात!” असे जो तो म्हणे. मी काहीच करीत नव्हते. रोग करीत होता.

तपासणीत उपाशीपोटी साखर २६० निघाली. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला एक गोळी दिली, पण भर दिला तो जेवणावर आणि चालण्यावर. चहातली साखर गेली. दोन भाकऱ्यांची दीड झाली, वरण-उसळ आणि पालेभाजी वाढली. रोज पहाटे पाऊण तास स्टेशनरोडने चालणे सुरू झाले. सहा महिन्यांत उपाशीपोटीची साखर ११० वर आली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी तपासणी असते, ती ६.६ आली. गोळी त्यांनीच बंद केली.

आणि संक्रांतीला काट्यावर उभी राहिले तो चोपन्न किलो!

मग काय विचारता? ब्लाउजच्या शिवणी सगळ्यांच्या नजरेत भरल्या. एक म्हणाली, “चालून उपयोग काय माय, तू तर भरतच चाललीस.” दुसरीने चोरून खाते की काय, अशी शंका काढली. चुलतसासूबाईंनी रात्रीची भाकरी बंद करण्याचा हुकूम सोडला. कोणी कारल्याचा रस सांगितला. दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी खावे, यावर २०१८ च्या सुमारास सबंध महाराष्ट्रात वाद झाला होता. तो त्या दिवशी आमच्या ओसरीवर पुन्हा झाला. घरी येऊन मला रडू आले. भूक मारून, पाय झिजवून जर वजनच वाढायचे, तर हे सगळे कशासाठी?

डॉक्टरीणबाईंनी मात्र वही पाहिली आणि हसल्या. त्यांनी जे समजावले ते मला भाकरीच्या हिशेबात कळले, तसेच सांगते.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती आवरत नाही, ती लघवीवाटे बाहेर पडू लागते. लघवीला मुंग्या लागतात ही जुनी खूण यातलीच, आणि मधुमेह हे नावही त्यावरूनच. आता दिवसाला ५० ग्रॅम साखर अशी वाहून गेली, तर २०० कॅलरी गेल्या. साठेक ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी म्हणजे साधारण तेवढेच. म्हणजे मी रोज एक भाकरी खात होते आणि ती अंगी न लागता मोरीत जात होती. बरोबर पाणीही जात होते, आणि दंडा-मांड्यांचे मांसही झिजत होते. साखर ताब्यात आली तशी गळती थांबली. खाल्लेले अंगी लागू लागले, पाणी टिकले, झिजलेले मांस भरू लागले. जास्त न खाताही वजन वाढले ते असे. एरंडासारखी वाळलेली बाई पुन्हा माणसात आली, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांनी एक हकीकतही सांगितली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज. तिला १९१९ साली मधुमेह झाला. तिचा प्रकार लहान वयातला, माझ्याहून वेगळा. इन्सुलिन तेव्हा नव्हते. उपाशी ठेवणे हाच उपचार. १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे तिला नेले तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन सुमारे २० किलो होते. इन्सुलिन सुरू झाले आणि वजन भराभर वाढू लागले. ती १९८१ पर्यंत जगली. तिच्या आईला काट्याचे ते आकडे पाहून काय वाटले असेल!

याउलट आमच्या गल्लीतल्या एक काकू. त्यांनाही मधुमेह. गेल्या पावसाळ्यात त्या झपाट्याने उतरल्या आणि मला त्यांचे उदाहरण देण्यात आले, “बघ, त्यांनी कसे वजन आटोक्यात आणले.” तपासणी त्यांनी वर्षभर केली नव्हती. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली तेव्हा परभणीला नेले, तर साखर चारशेच्या वर. अंगठा थोडक्यात वाचला. आज त्याही भरताहेत, आणि मला ते पाहून बरे वाटते.

म्हणून काय वजन वाढू द्यावे? तसे नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या मानाने पंचावन्नाच्या आत राहायचे, असे मला बजावले आहे. शिवाय काटा सारे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि विलायतेचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! आपण वरून बारीक दिसतो, चरबी पोटात साठते. म्हणून बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. माझी बत्तीस आहे. दाण्याचा कूट आणि तेल हातचे राखून घालते आहे. आणि ज्वारीने साखर वाढत नाही, असे समजून तीन-तीन भाकऱ्या खाणाऱ्यांनीही जपावे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे, ते उत्तमच. पण भाकरी कोणत्याही ज्वारीची असो, ती मोजावीच लागते.

वजन वाढण्याची दुसरी कारणेही असतात. पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, दम लागत असेल, तर ते पाणी आहे, थांबू नये. थायरॉइडचा दोष असू शकतो. माझा तपासला, तो नव्हता. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असते, त्याने साखर आणि वजन दोन्ही चढतात. इन्सुलिनने आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही थोडे वजन वाढते. पण म्हणून आपल्या मनाने ती बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचे.

माझी रात्रीची भाकरी चालू आहे. चुलतसासूबाईच आता ती ताटात वाढतात.

शिवणकामाची टेप मी पिशवीतून आणली आहे. कंबर मोजून घ्यायची असेल त्यांनी सभा संपल्यावर आतल्या खोलीत यावे. तेथे पुरुषमाणूस कोणी नाही, आणि आकडा मी मोठ्याने सांगणार नाही.