कबुली, भरपाई आणि समेट

विधिशाखेच्या नूतन स्नातकहो,

आज मिळालेल्या पदवीच्या बळावर उद्या आपण फिर्यादी आणि आरोपी यांच्यामध्ये उभे राहाल. परंतु निवाडा झाल्यावरही त्या दोघांना एकाच गावात, एकाच पाणवठ्यावर समोरासमोर यावे लागते, आणि तेथे कायद्याचे काम संपले तरी न्यायाचे संपलेले नसते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

उत्तर युगांडातील आचोली लोकांनी हे सत्य फार दारुण अनुभवातून जाणले. 1987च्या सुमारास उभ्या राहिलेल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीच्या बंडाने तेथे सुमारे वीस वर्षे असा हाहाकार मांडला की, लक्षावधी माणसे छावण्यांत कोंडली गेली आणि पळवून नेलेल्या मुलांच्याच हाती शस्त्रे देऊन त्यांना स्वजनांवर सोडण्यात आले. 2005 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने बंडाचा म्होरक्या जोसेफ कोनी व त्याचे चार सहकारी यांच्या नावे अटक वॉरंटे काढली. परंतु रानातून परतलेल्या हजारो मुलांना घरात कसे घ्यावयाचे, याचे उत्तर त्या वॉरंटांत नव्हते.

आचोलींपाशी ‘मातो ओपुट’ हा परंपरागत विधी होता. हत्या झाली की दोन्ही कुळांचा रोटीबेटी व्यवहार थांबतो. वडीलधारे मध्यस्थ दोन्हीकडे खेपा घालून गुन्ह्याची कबुली मिळवितात. भरपाई गुन्हेगाराच्या साऱ्या कुळाच्या माथी बसते. आणि हे सर्व पार पडल्यावर दोन्ही पक्षांची माणसे गुडघे टेकून, हात पाठीशी धरून, एकाच भोपळ्यातून ओपुट वृक्षाच्या मुळीचा कडू रस पितात. हा क्रम लक्षात घ्या: पीडिताकडून क्षमेची अपेक्षा सर्वांत शेवटी येते, कबुली आणि भरपाई आधी.

युगांडा सरकार आणि बंडखोर यांच्यात 2007 साली जुबा येथे झालेल्या करारात या विधींना स्थान मिळाले, तरी त्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. मारणारा व मेलेला कोण, हेच जेथे ठाऊक नाही, किंवा पीडित भिन्न परंपरेचे आहेत, तेथे हा विधी अपुरा पडतो. अशा वेळी न्यायालयाचीच गरज पडते. बालपणी पळविला गेलेला डॉमिनिक ओंगवेन पुढे त्याच बंडखोरांचा सेनानी झाला. 2021 साली हेगच्या न्यायाधीशांनी त्याच्या बालपणीच्या यातना शिक्षा ठरविताना विचारात घेतल्या, तथापि त्याला पंचवीस वर्षांची कैद दिलीच. शिवाय समाजाचा न्याय सदैव कनवाळू असतो, असे आपण तरी कसे म्हणावे? जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राला 2016 सालचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

म्हणून स्नातकहो, दुर्बलाच्या रक्षणासाठी कायद्याचा आधार कधी सोडू नका. आणि कोणी समेटाची भाषा बोलू लागला, तर सत्य कोणी कबूल केले आणि हानी कोणी भरून दिली, हे दोन प्रश्न प्रथम विचारा. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही पीडितावर क्षमेची सक्ती होऊ देऊ नका, आणि ती मिळाल्यावर तुटलेली माणसे पुन्हा जोडण्याचे काम आपल्या वकिलीबाहेरचे मानू नका.