आमच्या घरातला शंभर लिटर समुद्र
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'माझा छंद' या विषयावर दहा मिनिटं बोला, असा चिटणीसांचा आदेश आहे. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे छंदाचाही हिशोबच सांगणार, हे आधीच कबूल करतो.

आमच्याकडची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी सोसायटीतल्या पोरांना पाठ आहे. मोठ्यांना मात्र दोन शंका आहेत. पहिली, हा श्रीमंतांचा खेळ. दुसरी वार्षिक सभेत एका वहिनींनी तोंडावरच विचारली, "काका, आम्ही टँकरची वाट बघतो अन् तुम्ही मासे पाळता?" प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण आपल्याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. ते कोण विसरेल?

आधी पैशाचं बोलू. पेटी अडीच फुटी, छंद सोडलेल्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली. स्टँड वेल्डरकडून लोखंडी अँगलचा करून घेतला. पाणी, काच, दगड मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जातं, टीपॉयवर ठेवायची ती वस्तू नव्हे. दिवा साधा एलईडी. महागडा दिवा लागतो तो प्रवाळासाठी. आपल्या देशात दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, म्हणून तो विषयच नको. दगड म्हणून सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे ठेवले. कायदाही पाळला, पैसेही वाचले.

काटकसर करायची नाही ती मिठात. घरातलं मीठ चालत नाही, खडे मीठसुद्धा नाही. मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियमसारखे बरेचसे क्षार मागच्या पाण्यात राहून जातात, आणि माशांना ते सगळे लागतात. म्हणून मत्स्यपेटीचंच मीठ घ्यावं. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासायचे संच. पाणी आरओचं, बोअरचं पाणी जड असतं.

यानंतर जे लागतं ते बाजारात मिळत नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जीवाणू दगडांवर वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाकायचं आणि तपासणी वहीत लिहायची. आमच्याकडे अडतीस दिवस लागले. पोरं रोज विचारायची, "आजोबा, मासे कधी?" मी वही दाखवायचो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा पुण्याहून दोन क्लाऊनफिश आणले. पोरांच्या भाषेत 'निमो'. हे मासे समुद्रातून न पकडता हॅचरीत वाढवता येतात. तमिळनाडूत मंडपमच्या केंद्रीय संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. घेताना हॅचरीचेच मागावेत.

पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं, आणि आपला उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. थंड करण्याचं यंत्र पेटीपेक्षा महाग. मी पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा लावला. माठ गार होतो तेच शास्त्र. दोन-तीन अंश उतरतात. पेटी मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. लाईट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप.

आता वहिनींचं उत्तर. उन्हाळ्यात रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. मीठ मात्र उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. शिवाय आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं. म्हणजे आठवड्याला साडेवीस ते चोवीस लिटर. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरतो. एक मोठा कूलर एका दिवसात याहून जास्त पाणी पितो. आमच्याकडे कूलर एकच होता, तो पेटी आली त्या वर्षी बंद केला. बदललेलं खारं पाणी झाडांना घालत नाही, जमीन खराब होते.

हा हिशोब दर महिन्याला सूचना फलकावर लावतो. टँकर सुरू झाले तर पेटीचं पाणी आमच्या घरच्या वाट्यातून जाईल, सोसायटीच्या नाही, हेही तिथेच लिहून ठेवलं आहे. वहिनींनी ते वाचलं. आता त्यांचा नातू रविवारी खारटपणा मोजायला येतो आणि आकडा माझ्याआधी सांगतो.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राच्या काठावर उभं राहिलं. आपल्यापासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या वर. इथल्या कित्येक पोरांनी तो अजून पाहिलेला नाही. म्हणून आमचं दार संध्याकाळी पाच ते सात उघडं असतं. ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी वही आणावी, मासे मागाहून.