हृदयरोगाचे भाकीत आणि कळमेश्वर : स्वागताध्यक्षीय भाषण

करोनरी धमन्यांचा आजार कोणाला होईल हे आधी ओळखण्याची पद्धतशीर खटपट एका लहानशा गावात झाली. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या ५,२०९ रहिवाशांची तपासणी सुरू झाली आणि त्या नोंदींतून रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान हे जोखीम घटक ठरले. नागपूरसारखे शहर शेजारी असताना हृदयरोगावरील ही परिषद कळमेश्वरने मागून घेतली, त्यामागे स्वागत समितीला एवढा आधार पुरेसा वाटला.

कळमेश्वर नागपूरच्या पश्चिमेला, नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसले आहे. शेजारच्या ब्राह्मणीशी ते जोडले गेले आहे. भोवती कपाशी आणि संत्र्याच्या बागा, तर एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने. तालुक्याचे खरे वैभव मात्र धापेवाडा. चंद्रभागेच्या काठी विठ्ठल, संत कोलबास्वामींच्या भक्तीचा वारसा आणि विदर्भाची पंढरी हा मान, एवढे सगळे एका लहान गावाच्या वाट्याला आले आहे. पंढरपूरची आषाढी आटोपली की विठ्ठल धापेवाड्याला येतो, ही इकडची श्रद्धा. ज्यांना पंढरपूर गाठता आले नाही, त्यांची वारी इथे पुरी होते. त्या दिवसांत गावोगावच्या दिंड्या पायी निघतात आणि सत्तरीची माणसेही टाळ वाजवत चालतात. नियमित चालणे हृदयाला हितकारक असते, हे परिषदेला वेगळे सांगायला नको. पण धापेवाड्याचे नाव या व्यासपीठावरून घेतले जाणे गावाला मोलाचे वाटते.

आता परिषदेच्या विषयाकडे. हृदयविकाराच्या झटक्यावरील २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ५२ देशांतील रुग्ण होते. धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या, मद्य आणि व्यायाम, अशा नऊ गोष्टींत पहिल्या झटक्याची सुमारे ९० टक्के जोखीम सामावते, असे त्यातून दिसले. दक्षिण आशियातील रुग्णांचे मध्यक वय ५३ होते, इतरत्र जवळपास ५९. तंबाखू चघळणाऱ्यांतही धोका वाढलेला आढळला, आणि विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोणत्याही पानठेल्यावर मिळतो.

तरीही कारण ठळक असले म्हणजे भाकीत अचूक येतेच असे नाही. साथरोगतज्ज्ञ निकोलस वाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच दाखवले. समजा, हजार माणसांत शंभर जण जास्त जोखमीचे आहेत आणि दहा वर्षांत त्यांतील २० टक्क्यांना झटका येतो. उरलेल्या नऊशेंत हे प्रमाण ५ टक्के. पहिल्या गटात २० रुग्ण निघतात, दुसऱ्यात ४५. म्हणजे धोक्याचा शिक्का बसलेल्यांपैकी ऐंशी जण धडधाकट राहतात, आणि बहुतेक झटके निर्धास्त गटात येतात. साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये आग्रह धरला तो याचसाठी : सगळ्या समाजाचाच रक्तदाब थोडा उतरला पाहिजे. जास्त जोखमीच्या माणसाला औषध द्यावेच. पण खर्रा सुटणे, मीठ कमी होणे ही कामे अख्ख्या गावाची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या जोखीम-तक्त्यांपैकी एका प्रकारात कोलेस्टेरॉलच्या तपासणीचीही गरज नाही. वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब, उंची आणि वजन एवढ्यावर अंदाज बांधता येतो. तालुक्याच्या ठिकाणी हीच सोय सर्वांत उपयोगाची.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्याने काही प्रतिनिधींची सोय नागपुरात करावी लागली, आणि सभागृहाचा पडदा लहान आहे. त्याबद्दल स्वागत समिती दिलगीर आहे. संत्री देणारे बागायतदार, मंडपाचा भार उचलणारे व्यापारी, वाहने देणारे कारखानदार, घरच्या खोल्या उघडून देणारी कुटुंबे आणि पहाटेपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या बचत गटांच्या भगिनी यांचे ऋण समिती मनापासून मानते. या भगिनींमुळे जेवणात तेल-मीठ बेताचे ठेवता आले. आवारात तंबाखूला बंदी आहे. उद्या शेवटच्या सत्रानंतर धापेवाड्याला जाणाऱ्या गाड्या मंडपासमोरून सुटतील.