हळद विकून ऑक्सिजन घ्यायचा का?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात, वरून शेक देतात. त्यामुळे हातातलं लसिका नावाचं पाणी वर जायची वाट अडते आणि हात सुजतो.

वसमतच्या माझ्या मावशीचं हेच झालं. कुणीतरी तिला सांगितलं, बंद चेंबरमध्ये दाबाखाली ऑक्सिजन घ्या, सूज उतरते. ती मला म्हणते, “पोरी, हळदीची पोती विकू का?”

मी शोधलं. शेक बसलेल्या भागात ऑक्सिजनने नव्या रक्तवाहिन्या फुटतील, ही त्यामागची आशा. ब्रिटनमध्ये ५८ रुग्णांवर चाचणी झाली, २०१० मध्ये निकाल आला. काहींना सहा आठवड्यांत ३० वेळा ऑक्सिजन दिला, काहींना नाही. वर्षभराने हात मोजले, तर फायद्याचा पुरावा मिळाला नाही.

मग? मापाची घट्ट बाही, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम, त्वचेची निगा. हळद शिजवताना हात भाजू द्यायचा नाही, कापूस वेचताना खरचटू द्यायचा नाही. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोती विकायला काढण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: हे कुणावर तपासलंय, आणि निकाल काय आला?