सहा वाजता खटका बंद
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही दोघी जावा. माईकपुढे एकच उभी आहे, पण बोलणं दोघींचं आहे. दुसरी खाली बसली, कारण धाकटं तिच्या मांडीवर आत्ताच झोपलंय.

आमचं वावर नऊ एकर, सगळं कोरडवाहू. पऱ्हाटी, तिच्यात तुरीची तासं, आणि घरच्या भाकरीपुरती, कडब्यापुरती ज्वारी. २०२२ साली कर्ज काढून मिनी डाळ मिल घेतली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेला नमुना. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान होतं म्हणून हिंमत केली. ते अनुदान हातात येत नव्हतं, कर्जखात्याशी जमा होत होतं, हे मागाहून समजलं. हप्त्याने मात्र वाट पाहिली नाही.

पाहणाऱ्याला वाटतं, वरून तूर टाकली की खालून डाळ पडते. तसं नाही. आधी तूर चाळायची, मग रुळावरून काढून तिच्या सालीला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावायचा, रात्रभर झाकून ठेवायची, उन्हात वाळवायची, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा वाळवायची. त्यानंतर डाळ. ऊन कमी पडलं तर साल सुटत नाही आणि चुरी वाढते. आणि हे सगळं कधी? तूर घरात येते तेव्हा, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी चालू असताना. घरात लेकरं तीन, थोरलं तेव्हा चार वर्षांचं.

पहिल्या हंगामात रात्री अकरा-अकरापर्यंत मिल चालवली. गिऱ्हाईक परत जाऊ नये, एवढंच डोक्यात. लेकरं आजीजवळ झोपायची. एका रात्री थोरला झोपेतून उठून आईला शोधत शेडमध्ये आला. पट्ट्याला तेव्हा जाळी नव्हती. सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. खटका दोघींपैकी कोणी पाडला, आजही सांगता येत नाही. बाही फाटली, दंड सोलला, हात वाचला.

त्या रात्री मिल विकायचं ठरलं. सकाळी विकायची म्हणून हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की रात्रीच्या चार तासांत जेमतेम दोन क्विंटल निघत होते. थकल्या हाताने चाळणी नीट बसत नाही, चुरी जास्त पडते, ती तूट वेगळीच. म्हणजे ज्या कामासाठी पोराचा हात जात होता, त्यात फार काही मिळतही नव्हतं. आपल्या कष्टाचा भाव बाजार धरत नाही म्हणून आपण ओरडतो. आम्हीही तो धरला नव्हता!

मिल राहिली. गावच्या वेल्डरकडून पट्ट्याला जाळी बसवली, शेडला कडीचं दार लावलं. सहा वाजता खटका बंद, गिऱ्हाईक दारात असलं तरी. चार गिऱ्हाइकं तालुक्याच्या मोठ्या मिलवर गेली, दोन परत आली. संध्याकाळच्या भाकरी हंगामात भासरे थापतात. भाऊलोक, हसू नका. नकाशे होतात, पण पोट भरतं.

आम्हाला सुखाबद्दल बोला म्हणाले. मोठं काही सांगता येणार नाही. गच्चीवर तूर पसरली की लेकरं काठी घेऊन चिमण्या हाकलतात आणि स्वतःच तिच्यात लोळतात. अंगाला तेल, तोंडाला भुसा. लाइन गेली की पूर्वी आम्ही शिव्या द्यायचो. आता पोत्यांवर बसून चहा पितो, मुलगी मापं मोजते, सातानंतर थेट दहा म्हणते. चुणी म्हशीला जाते, म्हशीचं दूध यांनाच. सहानंतर अंगणात बसून जे बोलणं होतं, ते मिल येण्याआधीही होत नव्हतं, कारण तेव्हा वावरातून आलं की चूल, आणि चुलीवरून उठलं की झोप.

हप्ते अजून बाकी आहेत. यंदा तूर कमी आली तर ओढाताण होईल, तेव्हा रात्री पुन्हा मिल चालवावीशी वाटेल. वाटतंच. मागच्या वर्षी एकदा चालवलीही, पण दाराला कडी लावून.

ज्या बहिणींना मिल घ्यायची आहे, त्यांनी आधी पट्ट्याची जाळी करून घ्या, मग पहिलं पोतं ओता. पाहायला यायचं तर सहाच्या आत या. धाकटं जागं झालं, थांबतो.