मी दिलेली गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाला उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. दरसाल मी सतरंज्या घालते आणि चहाचे पाहते. यंदा 'घरचे आरोग्य' हा विषय ठरला तेव्हा मीच चिटणीसबाईंना म्हटले, मला दहा मिनिटे द्या, मला एक चूक कबूल करायची आहे. ती चूक ज्यांना भोवली त्या माझ्या धाकट्या जाऊबाई इथेच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलते आहे.

२०१८ साली मला लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरे वाटले, तेव्हा उरलेल्या मी बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकल्या. आपल्या प्रत्येकीच्या घरी असा एक डबा असतो. त्यात सेफ्टीपिना असतात, थर्मामीटर असतो आणि उरल्यासुरल्या गोळ्याही असतात. दिवाळीच्या तोंडावर जाऊबाईंना तोच त्रास सुरू झाला. मी म्हटले, "अगं, कशाला दवाखान्यात पैसे घालतेस? माझ्याकडे आहे की गोळी." कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. खाज सुटली, मग तो काळा पडला. आदल्या दिवशी आम्ही चकल्या तळल्या होत्या. तेल उडाले असेल, असे दोघींनीही ठरवून टाकले. गोळीचा आणि त्या डागाचा काही संबंध असेल, हे मनातही आले नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा जळजळ सुरू झाली. डबा होताच. रात्री जेवणानंतर त्यांनी गोळी घेतली आणि पहाटे दार वाजवले. "ताई, माझं तोंड बघा हो." ओठ सुजून उलटे झाले होते. मनगटावरचा तो जुना डाग लालभडक होऊन त्याच जागी फुगला होता आणि पाठीवर, मांड्यांवर नवे चट्टे उठून त्यांना फोड येत होते. तोंडाच्या आत सालपटे निघत होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी घेतली?" मी पदरात बांधून आणलेला तुकडा पुढे केला. तो कापलेला होता. नाव, तारीख, सगळे कात्रीच्या पलीकडच्या बाजूला राहिले होते. त्या तुकड्यावर उरली होती तीन अक्षरे. त्या वेळी मला जी लाज वाटली ती सांगता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण ही चूक शिक्षणाची नव्हती. नाव वाचायची गरजच मला कधी वाटली नव्हती. शेवटी ह्यांनी घरी जाऊन कपाटातली माझी जुनी चिठ्ठी शोधून आणली तेव्हा कळले, ती सल्फाच्या जातीची, कोट्रायमॉक्साझोलची गोळी होती.

मग बाईंनी मनगट धरून विचारले, "हा डाग कधीचा?" आम्ही तेलाची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, तेल त्याच जागी दोनदा उडत नाही. ह्या विकाराला त्या 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात. एखादे औषध अंगाला मानवत नसले की कातडीत एके ठिकाणी चट्टा उठतो, बरा होताना काळा पडतो, आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या काही पेशी त्याच जागी दबा धरून बसतात. तेच औषध पुन्हा पोटात गेले की काही तासांत तीच जागा पेटते आणि दर खेपेला चट्टे वाढू शकतात. म्हणजे आमच्यासमोर कित्येक महिने ताकीद लिहून ठेवलेली होती आणि आम्ही तिला चकलीचे तेल म्हणत होतो.

जाऊबाई नऊ दिवस इस्पितळात होत्या. पहिले चार दिवस पाणीसुद्धा चमच्याने. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

औषध वाईट नव्हते बरे का. त्याच गोळीने मला बरे वाटले होते. एकाच्या अंगात जे गुण देते तेच दुसऱ्याच्या अंगात घात करते. माझे माहेर रायगड जिल्ह्यातले. लहानपणी गावाबाहेर मेलेले गुरू टाकले की गिधाडे उतरत. नंतर ती दिसेनाशी झाली. कारण होते डायक्लोफिनॅक, आपण कंबरदुखीला घेतो तेच. गुरांची सूज उतरावी म्हणून ते टोचत. गाईला त्याने आराम पडे, पण औषध अंगात असताना ती मेली आणि गिधाडांनी खाल्ली तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. हे शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये उघडकीस आणले. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी ते बंद केले, तर लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या आणून गुरांना टोचू लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या वर एका बाटलीत विकायला बंदी झाली. पाहा, पळवाट शोधण्यात आपण किती हुशार!

अशा गोष्टी कळतात त्या कुणीतरी कळवल्यामुळे. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध निघाले. गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतले आणि हातपाय नसलेली सुमारे १०,००० मुले निरनिराळ्या देशांत जन्मली. डॉक्टरांनी एकेक बाळ मोजून आवाज उठवला तेव्हा १९६१ मध्ये ते बाजारातून निघाले. आपल्या देशात औषधाची बाधा कळवण्याची सरकारी व्यवस्था २०१० पासून आहे. १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकाला पैसे पडत नाहीत, आणि रोग्याने स्वतः कळवले तरी चालते. मी डॉक्टरीणबाईंकडूनच तो फॉर्म भरून घेतला.

आता आमच्या घरी काय बदलले ते सांगते. गोळ्यांच्या पट्टीला कात्री लावायची तर नावाची बाजू शेवटपर्यंत ठेवायची. पाकिटावर उभी तांबडी रेघ असली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, मग शेजारीण कितीही मायेने देवो. पाच दिवसांचे औषध पाच दिवस. आणि दवाखान्यात गेलो की काढा, चूर्ण, जेष्ठमध, सगळे सांगायचे. जेष्ठमध साधे वाटते, पण रोज पुष्कळ घेतले तर रक्तदाब चढवते.

आणखी एक मेख आहे. एकाच औषधाला कंपन्या दहा नावे देतात. मोठ्या अक्षरातले नाव टाळून उपयोग नाही, खालचे बारीक अक्षरातले नाव लक्षात ठेवावे लागते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंना एक चिठ्ठी लिहून दिली, मराठीत आणि इंग्रजीत. ती आम्ही प्लास्टिकमध्ये घालून घेतली. त्या ती पाकिटात बाळगतात.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात, कोल्हापूरला, त्यांना ताप आला. तिथले डॉक्टर घाईत होते. त्यांनी भराभर तीन औषधे लिहिली. जाऊबाईंनी पर्स उघडून चिठ्ठी पुढे केली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, पेन उघडले आणि आपल्या कागदावरची मधली ओळ खोडली.