मारत नाही, पीत नाही, मग काय?

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात केलेलं भाषण. टेपवरून उतरवताना पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'विवाहसंस्था आणि स्त्रीचे निर्णयस्वातंत्र्य' असा विषय छापलाय. एवढा मोठा विषय मला झेपणारा नाही. मी एका शनिवारबद्दल बोलणार आहे, आणि त्याच्या आगेमागे जे घडलं त्याबद्दल.

२०१३ सालची गोष्ट. बँक तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे, त्यामुळे दुपारी मी आपल्या सल्ला केंद्रात बसायची. आपला फॉर्म तुम्हाला माहीत आहे. मारहाण, दारू, हुंडा, संशय, दुसरी बाई, आणि शेवटी 'इतर'. त्या दिवशी चाळिशीची एक बाई आली. इस्त्रीची सुती साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. लग्नाला सतरा वर्षं झालेली. नवऱ्याने चांगली नोकरी सोडली, स्वतःचा धंदा करीन म्हणाला. मग कसलीशी एजन्सी घेतली, मग शेअर बाजार, मग तेही नाही. "स्वभावाने वाईट नाहीत हो," ती दोनदा म्हणाली. मी शिकल्याप्रमाणे विचारत गेले. मारतात का? नाही. पितात का? नाही. बाहेर काही? छे. आणि मी पेनाला टोपण लावून म्हणाले, "मग बरंच आहे की तुमचं. इथे येणाऱ्या बाकीच्या बायकांचं ऐकलंत तर..."

ती रडली नाही, भांडली नाही. "हो, तेही खरंच," म्हणाली आणि उठून गेली. फॉर्मवर पत्ता लिहायचा राहिला होता. ती पुन्हा कधी आली नाही.

हे वाक्य मी तिला का बोलले, ते मला त्याच रात्री कळलं. अठरा वर्षं मी ते स्वतःला ऐकवत होते.

आमचं लग्न १९९५ चं. चळवळीत ओळख, नोंदणी पद्धतीने लग्न, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, नंतर सगळ्यांना चहा आणि बटाटेवडे. तो हुशार होता, आजही आहे. आमच्या गटात कुणाला काही अडलं की त्याच्याकडे जायचे. आधी तो एका वर्तमानपत्रात होता. मालकाशी पटलं नाही म्हणून सोडलं, ते बरोबरच होतं. मग पुस्तकांचं दुकान. मग मित्राच्या जमिनीवर सेंद्रिय शेती. मग पीएच.डी., मग छापखाना. दर वेळी एक नवी वही यायची. पहिल्या पानावर समासाची रेघ, खाली सुंदर अक्षरात योजना, खर्चाचे रकाने. आठ-दहा पानं भरायची आणि वही कपाटात जायची. छापखान्याच्या वेळी मी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले. छापखाना चौदा महिने चालला, हप्ते माझ्या पगारातून सहा वर्षं गेले. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे बँकेत रोज गिऱ्हाइकांना मीच सांगत होते बरं का.

काही विचारलं की तो म्हणायचा, "बघू." चिडून नाही, अगदी शांतपणे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, नवरा कमवत नाही म्हणून सोडायचा, ही कसली स्त्रीमुक्ती? पुरुषाने कमवावं आणि बाईने रांधावं ही चौकट आपणच मोडायला निघालो ना? हा प्रश्न मला कितीतरी वर्षं छळत होता. मी भाषणांत सांगायची की माणसाची किंमत त्याच्या पगारावर करू नका. मग घरी येऊन पगाराचा हिशेब कोणत्या तोंडाने मांडू?

यातून मला आईने बाहेर काढलं. ती सातवी शिकलेली.

मी लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. आमच्याकडे आईची खानावळ होती, अकरा गडी जेवायचे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यातलीच ती एक. संपात गडी गावाला गेले, खानावळ बसली. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. वडील रोज सकाळी धुतलेला सदरा घालून गिरणीच्या गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. संप मिटेल म्हणून दीड वर्ष गेले. नंतर त्यांनी वॉचमनची नोकरी धरली, रात्रपाळीची. त्या दीड वर्षात सार्वजनिक नळावरचं पाणी तेच भरायचे. पुरुष पाणी भरतो म्हणून चाळीत हसायचे लोक. ते खाली मान घालून भरायचे.

त्या शनिवारनंतर मी आईकडे गेले. म्हटलं, आप्पापण घरी बसले होते, तू कधी सोडायचं मनात आणलंस का? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझ्या आप्पाला बसवला. हा आपला आपण बसलाय." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आप्पा बसला तरी घोर त्याला होता. तुझ्या घरात घोर कुणाला आहे?"

माझी गाठ इथे सुटली. गिरणी बंद पडली, पाऊस गेला, कंपनीने काढून टाकलं, अशा माणसाला दिशाहीन म्हणणं हा अन्याय आहे, त्याची दिशा दुसऱ्यांनी हिरावून घेतलेली असते. तिथे बाईने त्याच्या पाठीशी उभं राहावं की नाही हा तिचा प्रश्न, पण त्याला आळशी म्हणण्याआधी आपण गिरणीमालकाकडे बोट दाखवलं पाहिजे. आमच्या घरात तसं काही नव्हतं. प्रश्न पैशाचा तर नव्हताच, माझ्या पगारात तिघांचं भागत होतं. प्रश्न असा होता की महिन्याच्या वीस तारखेला पोटात गोळा यायचा तो फक्त माझ्या. गॅस, फी, हप्ता, सासूबाईंचं औषध, हे सगळं एका डोक्यात. आणि त्या दुसऱ्या मोकळ्या डोक्याचं आमच्या वर्तुळात कौतुक, की बघा, संसारात अडकला नाही! अहो, तो अडकला नाही, कारण मी अडकले होते.

शिवाय तो घरी असून घरकाम माझंच. नोकरी नसलेली बाई घरी असते तेव्हा तिला दिशाहीन कुणी म्हणत नाही, कारण पहाटेपासून रात्रीपर्यंत ती राबत असते. नोकरी नसलेला पुरुष घरी असतो तेव्हा एका माणसाचा चहा वाढतो. मी त्याला हे कधी ठणकावून सांगितलं नाही, हेही कबूल करते. विचारवंत माणसाला गिरणीतून पीठ आण कसं सांगायचं, असं मला वाटायचं. म्हणजे जात्यात मीही दाणे टाकतच होते.

आजाराचं बोललंच पाहिजे. अशा माणसाला नैराश्य असू शकतं, आणि ते आळस म्हणून खपवलं जातं. तुमच्याकडे अशी बाई आली तर हे आधी विचारा: झोप कशी आहे, जेवण कसं आहे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागतं का, मरणाचं बोलतात का. मीही त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. तो तीनदा गेला, चौथ्यांदा "बघू" झालं. डॉक्टर म्हणाले, त्यांना मदतीची गरज आहे, पण यायचं त्यांनी ठरवलं पाहिजे. मग मी वर्षभर मनात घोकत होते की आजारी माणसाला सोडणं पाप आहे. याचं नीट उत्तर माझ्याकडे आजही नाही. उपचाराला मी हात दिला, त्याच्या जागी औषध मी गिळू शकत नव्हते, एवढंच म्हणता येतं.

कायद्याचं थोडक्यात. काही करत नाही हे घटस्फोटाचं कारण कायद्यात नाही, क्रूरता आहे, सोडून जाणं आहे. संमतीने मात्र होतं, एक वर्ष वेगळं राहिल्यावर. हिंदू विवाह कायद्याखाली संमतीने अर्ज केल्यावर थांबायचे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पोटगीचा कायदा पूर्वी १२५ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून तो नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमात आलाय. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायकोला पोसावं, असं न्यायालयं म्हणतात. कागदावर उत्तम, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून वसूल काय करणार? आणि कमावत्या मैत्रिणींनो, एक ध्यानात ठेवा. हिंदू विवाह कायद्याच्या २४ आणि २५ कलमांखाली नवरासुद्धा बायकोकडे खर्च मागू शकतो. आमचं लग्न विशेष विवाह कायद्याचं, तिथे ही मागणी फक्त बायकोला करता येते. लग्न न करता वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्यांना २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, नातं लग्नासारखं असल्याचं दाखवावं लागतं. तुमचे दागिने, घरातली वस्तू परस्पर विकणं हीसुद्धा त्या कायद्यात हिंसा आहे, आर्थिक हिंसा. जामिनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मात्र केंद्रात या, नंतर आलात तर आम्ही फार काही करू शकत नाही.

तर निर्णय. लोकांना वाटतं बाई एका रात्री उठते आणि दार ओढून घेते. माझं तसं झालं नाही. मी दोनदा प्रमोशन नाकारलं होतं, कारण प्रमोशन म्हणजे बदली, आणि "त्याचं इथलं काम आता मार्गी लागतंय." २०१४ मध्ये तिसऱ्यांदा विचारणा झाली. मी त्याला विचारलं, इथे तुझं असं काय आहे की जे सोडून तुला येता येणार नाही? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू जा. मी बघतो." मुलगी अकरावीत होती, ती माझ्याबरोबर आली. मी त्याला सोडून चालले नव्हते, नोकरीवर चालले होते. तीन महिन्यांनी एकदा कॅलेंडरकडे लक्ष गेलं, बावीस तारीख होती. वीस तारीख येऊन गेली आणि मला कळलंही नव्हतं. खर्च तेवढाच होता, उलट दोन घरांचा होता. पण गोळा आला नव्हता.

त्या रात्री मी खूप रडले, हेही सांगते. मला त्याची आठवण येत होती. रविवारी तो पेपर मोठ्याने वाचायचा, मध्ये थांबून टिंगल करायचा, मी भाजी निवडता निवडता हसायची. एकोणीस वर्षांतलं ते खोटं नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, मला वाटलं होतं तू गेलीस की बाबा उठतील."

दोन वर्षांनी संमतीने वेगळे झालो. तो कटकट न करता सह्या करायला आला. वेळेवर आला.

टाळ्या वाजवू नका, अजून संपलं नाही. फ्लॅट माझ्या नावावर, कर्ज माझं. तो विकला आणि तो गेला बहिणीकडे. माझी नणंद अंगणवाडी सेविका आहे, विधवा, सासूबाई आधीपासून तिच्याकडेच. तिने मला फोन केला. म्हणाली, "वहिनी, तुम्ही सुटलात. माझ्याकडे आई होती, आता दादा पण."

मी काय बोलणार? एका बाईच्या अंगावरचं ओझं दुसऱ्या बाईच्या अंगावर गेलं होतं आणि मधला माणूस होता तिथेच होता. आपण बायकांना 'सोड' म्हणतो तेव्हा तो पुढे कुणाच्या दारात जाईल हे आपल्या फॉर्मवर कुठे असतं? सासूबाईंचं औषध मी आजही पाठवते. त्याचा खर्च देत नाही. नणंद मात्र माझ्यासारखी भिडस्त नाही. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्या हातात पिशवी दिली आणि रेशनच्या रांगेत उभा केला. आता तो आईला दवाखान्यात नेतो, पाणी भरतो. कधी विसरतो, मग ती ओरडते. मी एकोणीस वर्षांत एकदाही ओरडले नव्हते.

आज हे बोलण्याआधी मी तिला विचारलं होतं. तिने परवानगी दिली, पण एक अट घातली. म्हणाली, सगळं सांगणार असाल तर हेही सांगा, की माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगितलं. चर्चेला अर्धा तास आहे, ज्यांना बोलायचंय त्यांनी पुढे या.